मिठाच्या बरणीला टेकून

जुना फोन खिडकीत उभा आहे,
डावा कोपरा फुटलेला, कॅमेरा आंधळा.
सबंध घरात रेंज येते ती याच खिडकीत,
तीही फोनची पाठ डोंगराकडे असेल तर.
म्हणून मिठाच्या बरणीला टेकवलाय.

त्यावर एक सर्व्हर चालतो.
मी भूगोलाचा मास्तर, आता निवृत्त.
हे मेदेतनं शिकवलं, मॉस्कोला जाण्याआधीच्या हिवाळ्यात,
माझ्या जाड बोटांवर चिडत चिडत.
पान एकच:
खिंड उघडी की बंद,
सकाळी पारा कुठं होता,
नारिनची मार्शरुत्का सुटली का.

मोबाइल डेटाचं एक असतं:
आतून बाहेर जाता येतं,
बाहेरून आत कोणी येऊ शकत नाही.
कंपनी हजार घरांना एकच पत्ता वाटते,
पाहुण्यानं दार ठोठवावं तरी कोणतं?
मग माझा फोनच आधी हाक मारतो
फ्रँकफुर्टमधल्या भाड्याच्या एका यंत्राला
आणि हाक तुटू देत नाही.
दर तीस सेकंदांनी विचारतो, आहेस ना?
ते म्हणतं, आहे.
एवढ्याशा फटीतून लोक येतात.

रात्री फोन पेंगायला लागतो,
त्याला जागं ठेवायची वेगळी आज्ञा आहे.
काचेला आतून बर्फ धरलं की
सायराकान त्याला नमद्याच्या तुकड्यात गुंडाळते,
उन्हाळ्यात मी मागचं झाकण काढून ठेवतो.
शेजारची काल्बूबू म्हणाली, तान्हं मूल आहे का ते?
मी म्हटलं, तान्ह्याला डेटा पॅक लागत नाही.

संध्याकाळी चष्मा लावून नोंदी वाचतो.
केव्हा आले, कुठून आले, काय मागितलं, काय दिलं.
ट्रकवाले असतात, घोड्यांचे व्यापारी,
बिश्केकहून कुणी रोज फक्त पारा बघणारं.
सायराकान पीठ मळता मळता विचारते, कोण कोण आलं होतं?
मॉस्कोचे पत्तेही पुष्कळ.
त्यातला मेदेत कोणता ते कळत नाही,
तिथंही हजारांना एकच.
फोन तो करत नाही. चौदा महिने झाले.
घोडी विकण्यावरून मी बोललो होतो,
बोलायला नको होतं तेवढं.

फेब्रुवारीत एकदा, पहाटे तीनला आठ मिनिटं कमी असताना
(तिकडे बारा वाजत आलेले, त्याची पाळी सुटायची वेळ)
कुणीतरी आमच्या पत्त्यापुढं तिरकी रेघ देऊन
एक शब्द लिहिला: आकतोश.
सर्व्हरनं शिकवलेलं उत्तर दिलं,
चारशे चार. असं काही इथं नाही.

आकतोश आमचा कुत्रा.
छातीवर पांढरा डाग, एक कान लांडग्यानं खाल्लेला.
ट्रकवाल्यांना त्याचं नाव कुठून ठाऊक असणार?

आणि सर्व्हर खोटं बोलला नव्हता.
आकतोश नोव्हेंबरातच गेला.

दुसऱ्या दिवशी एका बोटानं पान लिहायला बसलो.
लिहिलं, पुसलं. मास्तरकी येत होती मधेमधे.
शेवटी उरलं ते असं:
म्हातारा झाला होता. झोपेत गेला.
जमीन गोठायच्या आत पॉपलरखाली पुरला.
आदल्या दिवशीसुद्धा वळणापर्यंत जाऊन बसला होता,
मार्शरुत्का थांबते तिथं.

तीन रात्री कोणी आलं नाही.
पॅक संपत आला होता, दुकानापर्यंत गुडघाभर बर्फ,
तरी जाऊन भरून आलो.
चौथ्या रात्री, तीनला पाच कमी: आकतोश. दोनशे.
दोनशे म्हणजे मागितलं ते दिलं.
मग तीनला तीन कमी, परत तेच पान.
मग तीन वाजून अकरा मिनिटांनी.

सकाळी वर हिमकडा कोसळला होता.
पहिल्या पानावर लिहिलं, खिंड बंद.
तिथं खोटं चालत नाही, माणसं गाड्या घेऊन निघतात.
मग आकतोशचं पान उघडलं,
जिथं एकच जण येतो,
आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, लिहिलं:
खिंड उघडी आहे.