भातघर

बोर्ड मीच रंगवला, म्हणून जेवायला बोलावलं.
आरपीडी क्रॉसच्या अलीकडं, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर
सहा टेबलं, एक फ्रीज,
भिंतीवर गुलाबी केसांची पोरं.

वर कन्नड, साठ टक्के, टेप लावून मोजलेलं.
त्याखाली इंग्रजी.
त्याखाली कोरियन, मोबाईलवरनं बघून काढलेलं :
काठ्या आणि डबे, डबे आणि काठ्या.
मराठी नको म्हणाल्या मालकीणबाई, शिवलीला हुद्दार.
रागानं नाही, जागाच उरली नव्हती.
मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.
पस्तीस वर्षं ह्या गावात बोर्ड लिहितोय,
काही पुसायलाही मलाच बोलावलेलं आहे.

कस्तुरीला घेऊन गेलो. तिला ह्यातलं सगळं ठाऊक.
नववीपासनं रात्री चादरीत मोबाईल धरून
त्या देशातल्या पोरींबरोबर रडत आलीय ती.
"बाबा, काड्या कशा धरालाय?
पेन्सिलीसारख्या नाही, ब्रशसारख्या धरा."
ब्रश म्हटल्यावर जमलं की.

किमची आली. वाटीत लाल कोबी, आंबूस,
चुलतीची लोणच्याची बरणी
माळ्यावर विसरली तर होईल तशी.
पण लाल! असा लाल मला डब्यात कधी मिळाला नाही.
कुठला, विचारलं.
"ब्याडगी," थोइबा म्हणाला, "तिकडची मिरची परवडत नाही."
थोइबा मणिपूरचा. त्याची आई फोनवर विचारते,
तू नक्की कुठल्या देशाचं शिजवतोस?
शेजारच्या टेबलावर शहापूरचं एक जैन कुटुंब
बिनलसणाची किमची मागवून
आजोबांना काड्या शिकवत होतं.
आजोबांनी शेवटी चमचा मागितला, कन्नडमध्ये,
आणि मीही धीर करून मागितला, मराठीत.

भात दगडी भांड्यात आला, अजून तडतडत,
तळाला खरपुडी.
ती खरवडताना कस्तुरी थांबली.
मेनूकार्ड बघितलं, मोबाईलातला बोर्डाचा फोटो बघितला,
परत मेनूकार्ड.
"बाबा, एक काडी उलटी पडलीय.
उजवीकडं पाहिजे, तुम्ही डावीकडं ओढलीय.
भातघर लिहायचं होतं.
हे कायदाघर झालंय."

ती हसालीय आणि माझ्या घशात ब्याडगी.
आपल्याकडं काना विसरला तर भाताचा भत होतो,
लोक चेष्टा करतात, मी गुपचूप काना देऊन येतो.
इथं काना होता,
नुसता तोंड फिरवून उभा.

"ऊटा आतेन्री, पेंटर?" शिवलीलाबाई आल्या.
जेवण झालं म्हणालो, आणि खरं सांगून टाकलं.
त्या जरा वेळ गप्प.
मग अर्ध्या कन्नडमध्ये, अर्ध्या मराठीत म्हणाल्या,
लायसनसाठी चार महिने अकरा टेबलं फिरले मी,
त्या मानानं नाव बरोबरच पडलंय की.
राहू द्या. इथं कोण वाचणार ते?

रात्री झोप आली नाही.
कोण वाचणार, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
वाचणारे फार होते, दगड घेऊन वाचणारेही होते.
एकही नसला तर अक्षर कसं असावं,
हा विचार पहिल्यांदाच.

सोमवारी त्यांची सुट्टी. शिडी लावली.
थोइबानं खालनं धरली, वर बघत
त्याच्या भाषेतलं काहीतरी गुणगुणत.
डावी काडी पांढऱ्यात बुडवली, दोन हात.
उजवीकडं नवी ओढली, एका दमात, श्वास धरून.
पैसे घेतले नाहीत. किमचीचा डबा घेतला.

आता चारच्या सुमाराला ऊन तिरकं पडतं
तेव्हा पांढऱ्याखालनं जुनी काडी
पुसट वर येते. बाकी कुणाला दिसत नाही.
तिसरा हात मारायला पाहिजे.
जातो एखाद दिवशी.
डबाही परत द्यायचा आहे.