खिसे रिकामे

अंबडच्या शेडमध्ये मी फायबरच्या टाक्या करायचो.
हजार लिटर, दोन हजार लिटर,
काचेची जाळी, रेझिन, हार्डनर
आणि मनगटाला कायमची खाज.
खैरनार आले ते गळकी टाकी घेऊन नाही.
टेबलावर नकाशा पसरला
आणि म्हणाले, याला पंख आहेत,
बाकी सगळं तुझंच काम.

मला वाटलं, कागद उलटा धरलाय.
लहान पंख पुढे, मोठे मागे
आणि पंखा पार शेपटीच्या जागी.
"ओढत नाही हे. ढकलतं."
एकतीस वर्षं ओझरला
दुसऱ्यांच्या विमानांना रिव्हेट मारून
निवृत्त झालेला माणूस
एवढं बोलला आणि त्याने चहा मागवला.

सहा वर्षं.
तापल्या तारेनं फोम कापला, खरवसाच्या वड्या पाडाव्या तसा.
डिसेंबरात रेझिन सुकेना,
तर पंखाखाली पिवळे बल्ब लावून बसलो,
कोंबडीच्या पिलांना लावतात तसे.
शेडचं दार सव्वा फूट कमी पडलं.
भिंत मालकाची होती. आता तिथे शटर आहे,
भाडंही वाढलं आहे.

इंजिन भंगाराच्या लिलावातलं. छोटं टर्बाइन,
मोठ्या विमानांची इंजिनं
जमिनीवर सुरू करून देणारं.
स्वतः कधी उडालेलं नाही.
सातपूरच्या अख्तरभाईंनी गिअरबॉक्स चार वेळा कापला,
चौथ्या वेळी पैसे घेतले नाहीत.
पहिल्यांदा पेटवलं तेव्हा आवाज
दातांच्या डॉक्टरकडच्या मशीनसारखा, बारीक,
मग इतका वाढला की गल्लीतली कुत्री
दोन दिवस फिरकली नाहीत.
गरम झोतानं पंख्याची टोकं काळी पडली.
धुराडी वर वळवली. पुन्हा पेटवलं.
परवानगीची फाईल
शेवटी विमानापेक्षा जड झाली.

मोहाडीकडच्या माळावर, जानेवारीत, पहाटे.
बाजूला बोरस्त्यांचा द्राक्षबाग, साखर भरत आलेली.
विमान नाक टेकवून उभं,
कारण आत माणूस नसला
तर इंजिनाच्या वजनानं ते मागे कलंडतं.
खैरनारांनी खिसे रिकामे केले.
पुढून सुटलेली प्रत्येक वस्तू
मागच्या पंख्यातूनच जाते, हा एकच नियम
त्यांनी मला सहा वर्षं घोकायला लावला होता.
किल्ल्या. दोन रुपयांचं नाणं.
बीपीच्या गोळ्यांची पट्टी, तीन उरलेल्या.
चष्म्याचं फडकं. कानातलं यंत्रही,
"हेडफोनखाली शिट्टी मारतं."
सगळं माझ्या ओंजळीत.

ते उडालं. मला जास्त काही सांगता येत नाही.
माळ संपत आला होता, आणि मग
चाकांखाली उजेड दिसला.
रामशेजच्या अलीकडून वळले, अकरा मिनिटं.
बागेवरून गेले तेव्हा हजारभर साळुंक्या
एकदम उठल्या. बोरस्ते खूश,
म्हणाले, रोज या.

उतरल्यावर मी विचारलं, कसं वाटलं?
कानात यंत्र नव्हतं, त्यांना ऐकू गेलं नाही.
ते आपणहून म्हणाले,
"पुढे काहीच नव्हतं रे.
काच, आणि मग काहीच नाही.
सगळा गोंधळ मागे."
मग मूठ उघडायला सांगितली.
ती उघडेना. गोळ्यांची पट्टी
चुरगळून गेली होती.

रात्री पँट धुवायला टाकताना
माझ्या खिशात एक वॉशर सापडला. सहा मिलिमीटरचा.
कुठला ते आठवत नाही.
टाकीचा असेल. टाकीला तसले लागत नाहीत.
बायको म्हणाली, फेकून दे.
मी तो खिडकीत ठेवलाय, दिव्याखाली.

सकाळी सांगेन त्यांना.
रागावतील. मग सगळं पुन्हा उघडतील,
एकेक पॅनेल, एकेक बोल्ट, यादी हातात घेऊन,
आणि मला म्हणतील, बॅटरी धर,
इकडे नाही, इकडे.