बिनटिंबाचा उजेड

आयवालिकच्या बंदरात, परवान्यांच्या खोलीत
निगार सकाळपासून एका रिकाम्या चौकटीपुढे बसलीय.
यंत्र 'चुकलं' म्हणत नाही, हीच तर चीड.
म्हटलं असतं तर भांडता आलं असतं.
हे म्हणजे दार वाजवत राहावं
आणि आतून कुणी 'नाही' एवढंही म्हणू नये.

काउंटरपलीकडे रेमझी रेइस,
हातात टोपी, टोपीला खवल्यांचा वास.
बोटीचं नाव उशुक. उशुक म्हणजे उजेड.
अर्जावर पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान, शाळेत शिकवतात तसं.
नोंदवहीच्या एक्सएमएलमध्ये मात्र
कारकुनाने उतरवलेलं, जसं नाळेवर रंगवलं होतं तसं.
आणि एक्सएसएलटीची की
उंचीत फरक दिसला की सोयरीक नाकारते.

निगारने शोधायचं नाव लहान अक्षरांत केलं.
रिकामं.
मग कपाळावर हात मारला:
कुलूप तसंच ठेवून
तिने नुसती किल्ली घासली होती.
की बांधतानाही तेच करायला हवं, दोन्हीकडे.
केलं.
तरी रिकामं.

(आमच्या लिपीत बरं आहे.
क पहिल्या बाकावर बसला
म्हणून उंच होत नाही.
पण ध चा मा आम्हीही केलाय,
आणि एका टिंबाने आमच्याही गजाला गंज चढतो.)

टिंब! तिथंच होतं सगळं.
यंत्राला वाटतं, मोठा आय खाली बसला
की डोक्यावर टिंब ठेवायचंच.
तुर्कीत दोन आहेत, एक बोडका, एक टिंबवाला,
आणि लहान होवोत की मोठे,
आपापलं डोकं दोघेही सोबत नेतात.

निगारने एकोणतीस अक्षरं हाताने लिहिली,
खाली त्यांचीच एकोणतीस धाकटी,
ट्रान्सलेटच्या कंसात, एकाखाली एक,
पहिलीतल्या मुलीसारखे ओठ हलवत.

चौकट भरली.
एक नाही, दोन ओळींनी.

"दोन कशा?" ती स्वतःशीच.
रेमझी रेइसने खिशात चष्मा शोधला, सापडला नाही,
पडद्यापासून मागे सरकून वाचलं.
वरची थोरल्याची. वेहबीची.
त्र्याऐंशीच्या पोयराझ वाऱ्यात गेली, तो आणि बोट.
त्याने नाव सगळं मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं,
लांबून दिसावं म्हणून.
याने पुढे बोट घेतली, तेच नाव दिलं,
पण एकूणएक अक्षर लहान काढलं.
थोरल्याच्या बरोबरीने कसं लिहायचं?

निगार अट लिहायला लागली:
रद्द नोंदी गाळा.
"थांब गं," तो म्हणाला.
"हे असंच छाप एकदा.
परवाना काय, उद्या दे."