राखाडी पट्टी

घड्याळ पुण्याहून आलं, भाच्यानं पाठवलं.
फोनवर म्हणाला, मावशी, साखर वाढलीय तुझी,
हे बांध आणि काढू नको.
आंघोळीला पण?
आंघोळीला पण.

अनगोळच्या गल्लीत, आमच्या मागच्या पडवीत
चुलीवर खापरी पालथी.
पाटावर बसून मी मांडा हातांवर फिरवते,
कोपरापासून बोटांपर्यंत,
रुमालाएवढा, मग पंचाएवढा.
सकाळपासून जागची हलले नाही
आणि घड्याळ म्हणतं, सहा हजार पावलं.
म्हणजे बसल्या बसल्या
पिरनवाडीला पोचले की मी,
वाटेत चहासुद्धा न घेता.

शिवलीला वरच्या खोलीत भाड्यानं राहते,
बैलहोंगलची, नर्सिंगला आहे.
तिचं मराठी माझ्या कन्नडाएवढंच,
दोन्हीला ठिगळं, खरं चालतंय.
नोड्री मावशी, म्हणाली, फोन पुढं धरून,
ही केशरी पट्टी तुम्ही काम करून जाळलेली.
खालची राखाडी, ती नुसतं असल्याची.

नुसतं असल्याची म्हणजे?
काही नाही केलं तरी जळतंय तेवढं.
बाराशे ऐंशी.
रोज. सणाला सुट्टी नाही.

जन्मभर जाळ बघितलाय मी.
बाभळीचं लाकूड टिकतं, झावळीचा नुसता भपका.
खापरीवर पाणी शिंपडून आवाज ऐकते,
तेवढंच माझं यंत्र.
खरं हे ठाऊक नव्हतं,
की न हलणारं माणूससुद्धा जळण मागतं.
बसून खाते, बसून खाते,
सासूनं ऐकवलं, जावेनं ऐकवलं.
आता बाराशे ऐंशी दाखवायला
दोघींतली एकही उरली नाही.

खाल्लेलं भरायचं म्हणून बसलो
तर त्यात भाकरीच नाही.
मांडे लिहिलं शिवलीलानं इंग्रजीतून,
त्यानं आपणच सुधारून सोमवार केला
आणि विचारलं, किती खाल्ले?
ती पोट धरून हसली.
मग शेंगाचटणीचा चमचा मोजला तिनं,
ती मोजेपर्यंत मी दुसरा वाढून घेतला.
मांडा मी खात नाही म्हटलं, ते तिला पटलं नाही.
लग्नाच्या ऑर्डरीत एखादा फाटतोच.
घड्याळ उजव्या मनगटावर,
म्हणून फाटका मी डाव्या हातानं खाते.

रात्रीच्या पट्ट्या बारक्या,
तरव्यातल्या भातासारख्या एका उंचीच्या.
अकरा, बारा, एक, सगळ्या राखाडी.
दोनला मात्र केशरी, उभी,
साडेतीनपर्यंत.
तिचं बोट तिथं थांबलं.
मागं सरकवलं. बुधवारी पण. सोमवारी पण.
येनायतु मावशी, रात्री?
नळाला पाणी आलं होतं, म्हटलं,
टाकी भरली.

ती ह्याच घरात राहते.
पाणी गुरुवारी येतं, सकाळी,
तिची बादली माझ्या बादलीला लागून असते.

काही बोलली नाही.
फोन पालथा ठेवला
आणि मांड्यांची चळत मोजू लागली,
मोजलेलीच होती ती.

त्या रात्री दोनला उठले,
पडवीत फेऱ्या घातल्या, मग पाटावर टेकले.
जिन्यावर चप्पल वाजली.
हातात पुस्तक. परीक्षा आहे म्हणाली.
परीक्षा दिवाळीनंतर आहे,
भाडं देताना तीच बोलली होती.
मीही काही बोलले नाही.
ऊटा आयता, तिनं विचारलं, रात्रीच्या दोन वाजता,
आणि मी आयतु म्हटलं.

चुलीतली राख सारली,
खाली निखारे होते.
चहा ठेवला.
साखर किती, ते कुणी भरलं नाही.