पाचशे ऐंशी

ईवारच्या जुन्या व्होल्वोची ताकद
डायनोवर पाचशे ऐंशी भरली.
कागद त्याने फ्रिजवर लावला,
लेकीच्या चित्राशेजारी.

शेलेफ्तेओच्या रस्त्यावर मात्र
दुसऱ्या गिअरला
मागची चाकं जागीच फिरतात,
तिसऱ्यालाही.
चार तळहातांएवढं रबर, खाली काळा बर्फ,
एवढं बळ ओतायचं कुठे?

आजोबांकडे एकच घोडी होती, स्वार्ता.
जंगलातून ओंडके ओढायची,
आणि ओझं जास्त झालं
की उभी राहायची. बस.

काल रात्री त्याने बूस्ट उतरवला,
दोनशे साठवर.
सकाळी इल्वा मागे बसली, दप्तर मांडीवर.
"गाडीला बरं नाही का, बाबा?"
"बरंय की," तो म्हणाला, "आता ऐकते."

कागद अजून फ्रिजवरच आहे.