साचलेली चूक

मिहानच्या मागे, जिथं रस्ता झाला पण कंपनी आली नाही,
तिथं आम्ही गाडीला सरळ चालायला शिकवतो.
सकाळी सहाला. नऊनंतर डांबर मऊ होतं
आणि कॅमेऱ्याला पुढे पाणी दिसायला लागतं.

झनकलाल बिसेन स्टिअरिंगमागे,
हात मांडीवर, पाय ब्रेकपासून चार बोटं.
अठ्ठावीस वर्षं एसटी, गोंदिया-नागपूर.
आता त्यांचं काम काही न करणं,
आणि ते वेळेवर थांबवणं.

पहिल्या आठवड्यात गाडी डोलायची,
पट्ट्याच्या डावीकडे, मग जास्तच उजवीकडे.
मी मागच्या सीटवर आकडे बदलत होते.
ते म्हणाले, "म्याडम, हे बोनटपाशी पाहून राह्यली.
नवा ड्रायव्हर असाच वाकते.
हिले दूर पाहाले सांगा."
मी नजरेचा बिंदू चार मीटरवरून बारावर नेला.
गाडी शांत झाली.
फक्त वळणं आतून कापायला लागली,
दूरचं पाहणारे कापतात तशी.

वेगाला तीन आकडे.
एक आत्ताची चूक बघतो,
एक ती वाढतेय की घटतेय ते.
तिसरा सगळं लक्षात ठेवतो.
पुलाच्या चढावर हटकून कमी पडणारे दोन किलोमीटर
त्यानंच भरून काढले. माझा लाडका होता तो.

मंगळवारी खापरीकडून म्हशी आल्या, साठ-सत्तर.
झनकलालांनी ब्रेक दाबून धरला.
गाडीला हवे होते तीस, मिळत होतं शून्य.
सहा मिनिटं ती शून्य मोजत राहिली,
प्रत्येक क्षणाची चूक मागच्या चुकीवर रचत.
शेवटची म्हैस शेपटी उडवून गेली.
त्यांनी पाय उचलला.

तीस. अडतीस. एक्कावन्न.
समोर कुणी नाही, तरी एक्कावन्न.
बाभळीपाशी तिरके थांबलो तेव्हा
पिशवीतली तर्री माझ्या लॅपटॉपवर होती.
"काऊन बे?" ते गाडीला म्हणाले, मला नाही.

मी सांगितलं, थांबलेली असतानाही ती साचवत होती.
बराच वेळ वायपरकडे पाहत बसले.
"मी बी असाच सुटलो होतो एकदा.
नऊ वर्सं भावाशी गप.
मंग पोरीच्या लग्नात पाय उचलला."

मी एक ओळ लिहिली :
ब्रेकवर पाय असेल तोवर बेरीज नको.
"एवढंच?"
"एवढंच."

मग म्हशी नसतानाच आम्ही थांबलो,
सहा मिनिटं, घड्याळ लावून.
काचेवर ऊन चढत होतं. कुणी बोललं नाही.
त्यांनी पाय उचलला.
नऊ, सतरा, सव्वीस,
तीस. आणि तीसच.

परतताना वर्धा रोडच्या सिग्नलला
त्यांनी मोबाइल काढला, पाहिला, खिशात ठेवला.
"म्याडम, गोंद्याची गाडी किती वाजता रायते?"

मला विचारत होते.