मागची सीट

फेरीबोट अजून पलीकडेच होती,
धोपाव्याच्या धक्क्यावर चिऱ्याचा ट्रक चढवत.
अब्बांनी मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला.
"बघ. बुदूरचं चित्र लागलंय, रियाधला."

बुदूर.
आमच्या दाभोळच्या घरात हे नाव
हवेसारखं यायचं, कुणी न बोलावता.
बुदूरची परीक्षा आहे, या ईदला रजा नाही.
बुदूरच्या भावाचं लग्न, पैसे थोडे जास्त येतील.
बुदूरला गोवर. बुदूरला मांजर हवंय.
सातवीत असताना वहीच्या शेवटच्या पानावर
मी तिचं नाव लिहिलं
आणि त्यावर पेन फिरवत राहिले
कागद फाटेस्तोवर.

एकोणीस वर्षं अब्बांनी तिला
जेद्दाच्या रस्त्यांवरून नेलं, आणलं.
शाळा. कॉलेज. मग तो चित्रांचा क्लास,
जो तिच्या घरी कुणाला ठाऊक नव्हता.
दोन-दोन तास बाहेर थांबायचे, एसी बंद करून,
कारण पेट्रोलचा हिशेब द्यावा लागे.
उशीर का, विचारलं तर म्हणायचे, ट्राफिक.
माझ्यासाठी ते असं कधी खोटं बोलल्याचं
मला आठवत नाही.
मी मागितलंही नव्हतं म्हणा.

मग तिकडच्या बायांना परवाने मिळाले.
टीव्हीवर त्या स्टिअरिंगला हात लावून हसत होत्या
आणि आमच्या मोहल्ल्यात
एका वर्षात चार ड्रायव्हर परत आले.
अम्मीने ट्रंकेतून दुसरी उशी काढली, उन्हात टाकली,
काही बोलली नाही.
विमानतळावर सोडायला बुदूर स्वतः आली होती,
स्वतः चालवत.
अब्बा पहिल्यांदाच मागे बसले.
"ब्रेक फार जोरात मारते,"
एवढंच त्यांनी आम्हाला सांगितलं.

चित्र भिंतीएवढं आहे.
त्याच्यापुढे माणसं उभी, एक बाई माईक धरून,
आणि बाजूला ती, मोकळ्या केसांची,
माझ्याएवढीच.
चित्रात फक्त एक मान.
पाठमोरी. कॉलरची कड विरलेली,
डाव्या कानाखाली तीळ,
आणि वर आरशात डोळ्यांची एक पट्टी
रस्त्यावर लागलेली.
खालचं अरबी अब्बांनी वाचून दाखवलं, अडखळत:
अम्मू शरफ, सकाळी पावणेसात.

तो तीळ मला माहीत नव्हता.

दोन वर्षांतून चाळीस दिवस येणाऱ्या माणसाची
मान कोण बघतं?
आम्ही बॅगा बघायचो.

राग यावा असं वाटत होतं, आला नाही पुरता.
तिने चोरलं म्हणू,
तर जे माझ्याकडे कधी नव्हतंच ते कसं चोरणार?
उलट तिनेच सांभाळून ठेवलं होतं,
रोज सकाळी, पावणेसातला,
ओळखीचं नसलेलं माझं काहीतरी.

गाडी शिकायची म्हटल्यावर हेच अब्बा म्हणाले होते,
"तुला कुठे जायचंय?"
शिकले मग चिपळूणला, मामीकडे राहून.
आज गुहागरला जायचंय.
वाचनालयात कवितावाचन.
पत्रिकेवर पहिल्यांदाच नाव छापून आलंय, तेही चुकीचं,
मुनीरा परकारचं मनिरा पारकर.
"दुरुस्त करून घे," अब्बा सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाले,
"आडनाव तरी."

बोट लागली. फळी खाली आली, खडखडत.
अब्बा उतरले होते विडी टाकायला,
परत आले ते सरळ मागचं दार उघडून
मागेच बसले.
चुकून की कसं, मी विचारलं नाही.
गाडी फर्स्टमध्ये घातली. चाकांखाली लोखंड,
लोखंडाखाली ओहोटीचं पाणी, गढूळ.
आरशात त्यांचे डोळे, रस्त्यावर नव्हते.

बोटीवरचा पोरगा हात हलवत आला,
माझ्या खिडकीवरून पुढे जाऊन
मागच्या काचेत वाकला:
"चाचा, जरा डावीकडे घ्यायला लागेल."

अब्बांनी काच खाली केली.
"मला काय सांगतोस," म्हणाले.
"पुढे सांग."